आतड्याला छिद्र पडेपर्यंत, आणि नंतर

आतड्याच्या भिंतीला छिद्र पडतं तो क्षण शून्य धरला, की त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे तास मोजता येतात. हा घटनाक्रम तसाच मोजला आहे. यातली बाई म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी वॉर्डात अशा बायका आणि असे पुरुष येत असतात. त्यांच्या वाट्याला जे येतं, ते इथे एका बाईच्या काही दिवसांत ओळीने लावलं आहे. औषध शरीरात काय करतं तो भाग मात्र जसा असतो तसाच आहे. बाईचं वय ६२. मराठवाड्यातलं गाव, आषाढ सरत आलेला, सोयाबीनची खुरपणी सुरू.

९६ तास आधी : रविवार, संध्याकाळी साडेपाच

आठवडी बाजार. भाजी घेऊन झाल्यावर ती मेडिकलच्या फळीपाशी टेकते. "गुडघे लई धरल्यात बाबा. खाली बसाय येईना." दुकानदार तिला ओळखतो. गेले सात-आठ महिने ती त्याच्याकडूनच डायक्लोफेनॅकच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या नेते. दुखेल तेव्हा एक. खुरपणीत दिवसभर उकिडवं बसावं लागतं, त्यामुळे आता एकीने भागत नाही. तो सांगतो, सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या. शिवाय कागदाच्या पुड्या बांधून देतो, रोज रात्री जेवल्यावर एक घ्यायची. प्रत्येक पुडीत एक मोठी गोळी, एक बारीक पांढरी आणि एक पित्ताची.

मोठी गोळी ॲसिक्लोफेनॅकची, म्हणजे डायक्लोफेनॅकच्याच कुळातली. बारीक पांढरी डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टेरॉइड. बाई रोज आणखी दोन गोळ्या घेते, हे दुकानदाराला माहीत नाही. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. एक रक्तदाबाची आणि दुसरी 'रक्त पातळ करायची' ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन. म्हणजे एकाच कामाची तीन औषधं आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड, असा मेळ तिच्या पिशवीत जमला आहे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ६५ वर्षांवरच्या लोकांचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. वेदनाशामक आणि स्टेरॉइड दोन्ही घेणाऱ्यांना जठर-आतड्याच्या व्रणाचा धोका, दोन्हींपैकी काहीच न घेणाऱ्यांच्या सुमारे १५ पट निघाला.

डायक्लोफेनॅक आपल्याकडे शेड्यूल एच मधलं औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकू नये असा कायदा आहे आणि तशी सूचना पाकिटावर इंग्रजीत छापलेलीही असते. दुकानदाराला दोष देणं सोपं आहे, आणि दोष आहेच. पण तालुक्याला जाऊन डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, तपासणीची फी जाते. गुडघ्यासाठी एवढं कोण करतो? बाईला परवडणारं एकच दार उघडं होतं, ती तिथे गेली.

९४ तास आधी

घरी आल्या आल्या तिने गोळी घेतली होती. या गोळीवर असं आवरण असतं की ती जठरात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात विरघळते. दोनेक तासांत औषध रक्तात भरपूर उतरतं. गुडघे सैल होतात. बाई चुलीपुढे पाट घेऊन बसते, भाकरी थापते. सून म्हणते, "आज बरं दिसतंय की." खरंच बरं असतं.

हे बरं वाटणं कुठून येतं ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचा अनर्थ त्याच ठिकाणाहून येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि तिच्यासारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. त्यासाठी १९८२ चं नोबेल त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. सुजलेल्या गुडघ्यात हीच द्रव्यं दुखणं तीव्र करतात. ती कमी झाली की दुखणं कमी होतं.

पण प्रोस्टाग्लँडिन फक्त गुडघ्यात नसतात. जठर आणि लहान आतड्याचा पहिला भाग, म्हणजे ड्युओडेनम, यांच्या अस्तरात त्या रात्रंदिवस राबत असतात. त्यांच्यामुळे अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर राहतो, त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट पाझरतं, अस्तराला रक्ताचा पुरवठा टिकतो आणि खरचटलेल्या जागी शेजारच्या पेशी सरकून येतात. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की मांस पचवतं. तरी ते आपलंच मांस पचवत नाही, याचं कारण ही अखंड डागडुजी. शेणाने सारवलेली जमीन रोजच्या वावराने उखणते आणि सारवणारा हात फिरत राहतो म्हणून घर धड दिसतं, तसं हे अस्तर आहे. डायक्लोफेनॅक हा सारवणारा हातच धरून ठेवतं.

गोळी जेवून घेतली की पोटाला त्रास नाही, असा आपल्याकडे पक्का समज आहे. जेवल्याने जळजळ थोडी कमी होते हे खरं. पण मुख्य इजा गोळीच्या स्पर्शाने होतच नाही. ती रक्तातून होते. हेच औषध सुईने दिलं काय किंवा गुदद्वारातून दिलं काय, अस्तराचं संरक्षण तितकंच कमी होतं.

८० तास आधी : सोमवारी सकाळी

बाई रानात आहे. औषधाचा रक्तातला अंमल ओसरला आहे, पण आतड्यातला नाही. यकृत डायक्लोफेनॅकला एक जोड लावून पित्तातून बाहेर टाकतं. पित्त लहान आतड्यात येतं. तिथले जिवाणू ती जोड तोडतात आणि औषध पुन्हा मोकळं होतं, पुन्हा अस्तराला भिडतं, पुन्हा शोषलं जातं, पुन्हा यकृताकडे जातं. एकदा गिळलेली गोळी आतड्याच्या वाटेला अशी अनेकदा येते.

वेदनाशामक म्हटलं की जठराचा अल्सर आठवतो. त्याच्या खालचं कित्येक फूट लांब लहान आतडं फार काळ कुणी पाहिलंच नव्हतं, कारण दुर्बीण तिथवर पोचत नव्हती. गिळायच्या कॅप्सूलमध्ये कॅमेरा बसल्यावर ते दिसू लागलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात ४० निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे डायक्लोफेनॅक दिलं होतं आणि सोबत आम्ल कमी करणारं ओमेप्राझोलही दिलं होतं. ६८ टक्के जणांच्या लहान आतड्यात नव्या इजा सापडल्या. कुठे लाली, कुठे सोलवटलेलं, कुठे रक्त. ही माणसं धडधाकट होती आणि औषध फक्त चौदा दिवसांचं होतं. त्याच वर्षीच्या एका अमेरिकन अभ्यासात तीन महिन्यांहून जास्त काळ वेदनाशामकं घेणाऱ्या ७१ टक्के लोकांत अशा इजा दिसल्या. न घेणाऱ्यांत १० टक्के.

'सोबत पित्ताची गोळी दिलीय, काळजी नको,' हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधं जठराला आणि ड्युओडेनमला चांगलं संरक्षण देतात. त्यापुढच्या आतड्यात आम्लाचा प्रश्नच नसतो, त्यामुळे तिथे त्यांचा उपयोग होत नाही. बाईच्या पुडीतली पित्ताची गोळी रॅनिटिडिनची होती. ती त्याहून दुबळी, आणि दिवसातून एकदाच. एवढ्या माऱ्यापुढे ती नावापुरतीच होती.

ब्रिटनमध्ये १९८३ साली ऑस्मोसिन नावाची वेदनाशामक गोळी बाजारातून काढून घ्यावी लागली. तिच्यातून इंडोमेथासिन हळूहळू झिरपावं अशी सोय केली होती, म्हणजे जठराला त्रास कमी. गोळी जठर ओलांडून खाली गेली, त्रासही खाली गेला. काही रुग्णांच्या आतड्यांना छिद्रं पडली.

४८ तास आधी : मंगळवार, एकादशी

दिवसभर भगर, शेंगदाण्याची आमटी आणि चार वेळा चहा. दोन्ही वेळच्या गोळ्या आणि रात्रीची पुडी घेतली. गुडघे चालतायत. तिसऱ्या प्रहरी बेंबीच्या वर जरा जळजळलं. तिने शेंगदाण्याला दोष दिला.

तिच्या ड्युओडेनममध्ये एव्हाना व्रण आहे. तो बहुधा काही आठवडे असेल आणि या तीन दिवसांत खोल गेला असेल. आपल्या देशात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू फार लोकांच्या जठरात असतो. अल्सर या जिवाणूमुळे होऊ शकतो हे दाखवणारे वॉरेन आणि मार्शल २००५ चे नोबेल विजेते आहेत. जिवाणू आणि वेदनाशामक एकत्र आले की धोका दोघांच्या वेगवेगळ्या धोक्यांपेक्षा वाढतो.

एरवी एवढा व्रण माणसाला ओरडायला लावतो. रात्री दोनला उठवतो, खाल्ल्यावर थांबतो, पुन्हा भुकेला उठतो. पण वेदनाशामकं घेणाऱ्या माणसाचा व्रण कितीदा तरी मुकाच राहतो. जी गोळी तो करते, तीच त्याची बातमी दाबून ठेवते. रक्त वाहू लागेपर्यंत किंवा भिंत फुटेपर्यंत अनेकांना आधी काहीही जाणवलेलं नसतं. डॉक्टर मंडळींना हे पाठ असतं. गोळी घेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या घटनाक्रमातली सर्वात मोठी चूक हीच आहे.

३६ तास आधी

बुधवारी पहाटे शौच डांबरासारखं काळं आणि चिकट होतं. अंधारात तिने पाहिलं नाही.

२० तास आधी : बुधवार, रात्री साडेनऊ

जेवण, रक्तदाबाची गोळी, ॲस्पिरिन, पुडी. दिवसा बांधावरून उठताना चक्कर आली होती, ती उन्हामुळे असं ठरलं.

या औषधाबद्दल एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. मेलेल्या गुराढोरांच्या मांसातून डायक्लोफेनॅक पोटात गेल्याने गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात हे सिद्ध झाल्यावर भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. माणसांची मोठी इंजेक्शनं जनावरांना टोचली जाऊ नयेत म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकारही ३ मिलिलिटरवर आणला. निर्णय योग्यच होते. माणसासाठी मात्र हे औषध आजही दुकानाच्या फळीवरून सुटं मिळतं.

शून्य : गुरुवार, संध्याकाळी साडेपाच

शेवटची पात संपवून ती खुरपं टेकून उठते आणि तशीच खाली बसते. कुणी सुरी खुपसावी तसं बेंबीच्या वर. माणसाला हा क्षण नेमका सांगता येतो. छिद्र पडलेले रुग्ण किती वाजता, कुठे उभे होते, काय करत होते ते सांगतात. ड्युओडेनमच्या पुढच्या बाजूची भिंत व्रणाने पूर्ण खाल्ली गेली आहे. मागच्या बाजूचा व्रण असता तर त्याने मोठ्या रक्तवाहिनीला गाठलं असतं आणि तिला रक्ताची उलटी झाली असती. पुढच्या बाजूला आवरण पातळ आणि पलीकडे पोटाची पोकळी. आम्ल, पित्त, दुपारचा चहा-भाकरी आणि हवा त्या पोकळीत उतरू लागतात. पोकळीला आतून नाजूक पडदा असतो. आम्ल लागताच तो भाजतो.

१ तासानंतर

दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून तिला घरी आणलं आहे. ती हालत नाही, गुडघे पोटाशी घेऊन पडली आहे, श्वासही वरच्या वर. हालचाल झाली की पडदा ताणतो आणि दुखणं वाढतं, म्हणून असे रुग्ण निपचित पडतात. मुतखड्याच्या कळा आलेला माणूस तळमळतो, लोळतो. हा निश्चल असतो. घरच्यांनी ही खूण ओळखली तर पुढचे कितीतरी तास वाचतील.

"आई, कुठं दुखायलंय?" तर पोटात आणि उजव्या खांद्यात. खांद्यात का? पोट आणि छातीमधल्या पडद्याला आम्ल लागलं की त्याची कळ खांद्यात जाते, कारण त्या पडद्याचे मज्जातंतू मानेतून निघतात. घरात कुणाला हे माहीत असायचं कारण नाही. दिवसभर खुरपं चालवून खांदा भरला असेल, असं म्हणून सून तेल चोळते. बेंबीभोवती हिंग लावतात. गॅस धरला असेल म्हणून सोड्याची बाटली आणून पाजतात. ती प्यायलेला घोटन् घोट छिद्रातून पोकळीत जायची शक्यता असते.

अडीच तासांनंतर : रात्री आठ

शेजारच्या गावातून डॉक्टर म्हणवणारा माणूस येतो. हात न लावता विचारतो, "काय खाल्लं?" भेंडी. "गॅस आहे." एक सुई पित्ताची, एक सुई दुखण्याची. दुखण्याची सुई डायक्लोफेनॅकची आहे.

इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. पोट दुखणाऱ्या माणसाला दुखणं कमी करणारं औषध देणं चूक नाही. रुग्णालयात सर्जन पोट तपासून, सलाईन लावून तीव्र वेदनाशामक देतात. त्याने निदान चुकत नाही हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. तिथे रुग्ण नजरेखाली असतो. इथे पोटाला हात न लावता सुई दिली आणि माणूस निघून गेला. हात लावला असता तर पोट लाकडासारखं कडक लागलं असतं. यकृतावर बोटाने ठोकलं असतं तर नेहमीच्या भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आला असता, कारण सुटलेली हवा तिथे जमलेली असते. यंत्राशिवाय, अंगणातल्या बाजेवर करता येईल अशी ही तपासणी आहे. स्टेरॉइड घेणाऱ्या आणि वय झालेल्या माणसात हा कडकपणा कमी असू शकतो, हेही खरं. म्हणून तर कुठल्या गोळ्या चालू आहेत हा प्रश्न आधी हवा होता.

७ तासांनंतर : मध्यरात्र उलटून गेलेली

दुखणं उतरलं आहे. सुईने उतरलं म्हणून घरचे निजले.

सुईचा वाटा आहे, पण फक्त तिचा नाही. भाजलेल्या पडद्यातून भरपूर पाणी सुटतं, ते आम्लाला पातळ करतं आणि आग शमते. सर्जरीच्या पुस्तकांत छिद्रानंतरच्या काळाचे तीन टप्पे शिकवतात: पहिले काही तास आम्लाची आग, मग साधारण सहा ते बारा तासांच्या आसपास फसवा आराम, आणि त्यानंतर जिवाणूंचा पू. मधल्या टप्प्यात रुग्ण स्वतः म्हणतो की बरं वाटतंय. घरच्यांना वाटतं, वेळ टळली. आत आतड्यातले जिवाणू पोकळीभर पसरत असतात.

१२ तासांनंतर : शुक्रवार, पहाटे साडेपाच

"बरं वाटायलंय आता. च्या द्या." तिने चहा घेतला. मुलगा ठरवतो, आज रानातलं काम उरकू आणि उद्या तालुक्याला नेऊ. घरात एकही माणूस बेपर्वा नाही. आईने स्वतः सांगितलं ते त्यांनी ऐकलं.

डेन्मार्कमध्ये २,६६८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. व्रणाला छिद्र पडलेला रुग्ण रुग्णालयात दाखल झाल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत जो प्रत्येक तास जातो, त्या प्रत्येक तासाला जगण्याची शक्यता आधीच्या तासापेक्षा २.४ टक्क्यांनी घटते. तो हिशेब रुग्णालयाच्या दारापासून पुढचा आहे. या बाईचं घड्याळ दारापर्यंत पोचायच्या आधीच बारा तास चाललंय.

१८ तासांनंतर : सकाळी साडेअकरा

पोट फुगलं आहे. हिरवट उलटी झाली. हातपाय गार, नाडी भरभर, रात्रीपासून लघवी नाही. ताप फारसा नाही. वेदनाशामक तापही दाबतं, आणि अंगाला हात लावून पाहणाऱ्या सुनेचा अंदाज त्यामुळे चुकतो. ओठ सुकलेत, बोलणं असंबद्ध. आता मात्र मुलगा १०८ ला फोन करतो.

२० तासांनंतर : ग्रामीण रुग्णालय

ड्युटीवरच्या डॉक्टर पोटाला एकदाच हात लावतात आणि पुढचं सगळं धावपळीत होतं. रक्तदाब ८० च्या आसपास. दोन्ही हातांना सलाईन, अँटिबायोटिक, नाकातून जठरात नळी, लघवीची नळी. बसवून छातीचा एक्स-रे. उजव्या बाजूला छाती-पोटामधला पडदा आणि यकृत यांच्यामध्ये काळी चंद्रकोर दिसते. ती आतड्यातून सुटलेली हवा.

इथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ नाहीत. पुन्हा १०८. डॉक्टर मुलाला विचारतात, "गोळ्या कुठल्या चालू होत्या?" तो म्हणतो, रक्तदाबाची. गुडघ्याची गोळी त्याच्या लेखी औषधात मोडत नाही. विचारायची पद्धत बदलायला हवी, असं मला इथे ठामपणे वाटतं. 'औषध काय घेता' एवढं विचारून थांबू नये. अंग दुखलं, डोकं दुखलं, गुडघे दुखले तर काय घेता, मेडिकलमधून पुडी आणता का, हे वेगळं विचारावं.

२४ तासांनंतर : जिल्ह्याचं रुग्णालय

हाँगकाँगचे सर्जन बोए आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात छिद्राच्या रुग्णांसाठी धोक्याच्या तीन खुणा सांगितल्या, त्या आजही वापरतात. येताना रक्तदाब पडलेला असणं, मुळात दुसरा गंभीर आजार असणं आणि छिद्र पडून २४ तास उलटलेले असणं. बाईच्या बाबतीत पहिली आणि तिसरी लागू आहे. रक्तदाब सावरेपर्यंत भूल देता येत नाही. तीन तास त्यात जातात.

२७ तासांनंतर

पोट उघडल्यावर दोन लिटरहून जास्त गढूळ, पित्ताळ पाणी निघतं. छिद्र अर्ध्या इंचाहूनही लहान आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला विश्वास बसत नाही की एवढ्याशाने एवढं झालं. तीन टाके, आणि त्यांच्यावर पोटातल्या चरबीच्या पदराचा, म्हणजे ओमेंटमचा, तुकडा बसवून गाठी. टोरोंटोचे सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत आजही जगभर चालते, इतकी ती साधी आणि पक्की आहे. मग कोमट सलाईनने पोट पुन्हा पुन्हा धुणं. यात टाक्यांपेक्षा जास्त वेळ जातो. छिद्र बुजवायला फार वेळ लागत नाही. त्यातून आधीच बाहेर पडलेलं परत घेता येत नाही.

तिसरा आणि चौथा दिवस

मूत्रपिंडं चालत नाहीत. इथे पुन्हा तीच गोळी आहे. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तंगीच्या वेळी प्रोस्टाग्लँडिनवरच टिकून असतो. बाईच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध असं जोडीने होतं. त्या जोडीत वेदनाशामक मिसळलं की अंगातलं पाणी कमी असताना मूत्रपिंडं बसण्याचा धोका वाढतो. रक्तात जंतुदोष पसरलेला. डायलिसिस झालं, व्हेंटिलेटर झाला. सोमवारी रात्री ती गेली.

या चार दिवसांत मुलाने सर्जनना आपणहून पुडीचं सांगितलं. आईच्या पिशवीत उरलेल्या तीन पुड्या आणि डायक्लोफेनॅकचं अर्धं पाकीट त्याने आणून दाखवलं. सर्जनने केसपेपरवर नोंद केली. ती तिथेच राहिली.

मृत्यूनंतर ३ तास

मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र भरलं जातं. त्यात तात्कालिक कारण आणि त्यामागची कारणं खाली खाली लिहायची असतात. सेप्टिक शॉक, त्याचं कारण पेरिटोनायटिस, त्याचं कारण ड्युओडेनल अल्सरला पडलेलं छिद्र. तिन्ही ओळी खऱ्या आहेत. अल्सर कशामुळे, ही चौथी ओळ कुणी लिहीत नाही. त्यामुळे देशाच्या आकडेवारीत ही बाई पोटाच्या आजाराने गेली, आणि डायक्लोफेनॅकच्या नावावर काहीच चढलं नाही. दुकानदाराला कळेल ते एवढंच की बाई पोटात काहीतरी होऊन गेली. तो पुढच्या रविवारी तीच पुडी बांधेल, कारण त्याच्या अनुभवात ती पुडी लागू पडते.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम भारतात २०१० पासून आहे. त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतं आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्यासाठी एक फॉर्म आहे. रुग्णाने किंवा नातेवाइकाने भरायचा दुसरा, सोपा फॉर्म आहे. त्यासाठी औषधाचा दोष सिद्ध झालेला असावा लागत नाही, शंका पुरते. औषधाचं नाव, ते कधी सुरू झालं, कधी थांबलं, काय त्रास झाला आणि शेवट काय झाला, एवढं विचारलेलं असतं. हेच फोनवर सांगायचं असेल तर १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. मुलाकडे या सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती, पाकिटासकट. असा फोन करता येतो हे त्याला वॉर्डात कुणी सांगितलं नाही.